बारा किलोंची पलटण

लक्ष्मीकांत चांदोरकरांच्या सोसायटीच्या फाटकावर त्यांच्या मुलाच्या, उन्मेषच्या, नावाची संगमरवरी पाटी बसली, तेव्हा खुद्द उन्मेषला सैन्यात जायचं आहे की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. तो भरतीत निवडला गेला होता, तेवढं पुरे होतं. नव्व्याण्णव साल होतं. कारगिलचं युद्ध नुकतंच संपलेलं, आणि दोन महिने टीव्हीसमोर बसून अख्ख्या कारेलीबाग वस्तीची छाती फुगलेली होती. उन्मेष एकोणीस वर्षांचा, धावण्याचा वेडा. मित्राला सोबत म्हणून तो भरतीला गेला, सोळाशे मीटर धावायला मिळतात या लोभानं धावला आणि पहिला आला. मित्र गळाला, हा निवडला गेला. संध्याकाळी घामेजलेल्या शर्टात घरी येतो, तर फाटकात शेजारच्या निरुपमाबेन आरतीचं ताट घेऊन उभ्या आणि पाठीमागे ढोलवाला. शर्ट बदलायच्या आत त्याच्या गळ्यात तीन हार पडले होते.

पाटीची कल्पना निरुपमाबेनच्या नवऱ्याची, सोसायटीचे प्रमुख जशुभाई यांची. त्यांचं फरशांचं दुकान होतं आणि कुणाच्या तरी स्वयंपाकाच्या ओट्यातून उरलेला तुकडा पडून होता. त्यावर गुजरातीत कोरून घेतलं, 'आमच्या सोसायटीचा गौरव, वीर जवान उन्मेष चांदोरकर.' मुलगा प्रशिक्षणाला निघायच्या आदल्या दिवशी पाटीचं उद्घाटन झालं. फीत कापली ती वरच्या मजल्यावरच्या गोविंदरावांनी, कारण त्यांचे पणजोबा गायकवाडांच्या घोडदळात होते. पणजोबा घोड्यावर बसत की घोड्यांच्या दाण्याचा हिशेब ठेवत, याची चौकशी आजवर कुणी केली नव्हती.

लक्ष्मीकांत सोसायटीचे सेक्रेटरी. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. बोल्टची पिशवी नुसती हातात धरून वजन सांगतात, अशी त्यांची ख्याती होती आणि ती पसरवण्याचं काम ते स्वतःच करत. पाटी बसल्यापासून ते कंपनीच्या बसमधून उतरले की मुद्दाम फाटकाशी रेंगाळत. चपलेचा पट्टा सारखा करत. पाटीखाली उभं राहून चपलेचा पट्टा सारखा करायला रोज किती वेळ लागतो, हे त्यांच्या बायकोनं, पद्मानं, खिडकीतून मोजलं होतं. ती गणिताच्या शिकवण्या घेत असे, तेव्हा मोजणं तिच्या अंगातच होतं.

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, उलटून दोन दिवस झाले होते. तारांवर अजून पतंग लटकत होते. तेव्हा उन्मेषचं पत्र आलं.

'आई, बाबा, तब्येत छान आहे. जेवण भरपूर मिळतं. धावण्यात मी आमच्या तुकडीत पहिला आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण मला इथलं जमत नाही असं तुम्ही समजाल. जमतं. पण मला हे नको आहे. मला धावायला आवडायचं, इथं आल्यापासून आवडत नाही. आमचे उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, चांगले आहेत. ते म्हणाले, काय ते शपथेच्या आधी सांग, नंतर कुणी ऐकणार नाही. शपथ फेब्रुवारीच्या शेवटी आहे. सोबत फॉर्म आहे. त्यावर बाबांची सही लागते.'

लक्ष्मीकांतांनी पत्र दोनदा वाचलं आणि खिडकीतून फाटकाकडे बघितलं.

"मी सही करणार नाही," ते म्हणाले.

"फॉर्म तुमच्या नावाचा आहे," पद्मा म्हणाली, "नाहीतर मी केव्हाच करून टाकली असती."

"अगं, पहिल्या तीन महिन्यांत प्रत्येकालाच घरी यावंसं वाटतं. सगळ्यांना असं सोडून दिलं तर सीमेवर उभं कोण राहणार?"

"ज्याला उभं राहायचंय तो."

"आणि पाटीचं काय?"

हे त्यांच्या तोंडून निसटलं. पद्मानं फॉर्म घडी घालून कपाटात ठेवला, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

धीर यावा म्हणून लक्ष्मीकांतांनी गोष्ट फक्त गोविंदरावांच्या कानावर घातली, तीही कुणाला सांगू नका म्हणून. संध्याकाळच्या चहापर्यंत ती सोसायटीच्या अठराही घरांत पोचली. जशुभाईंनी रविवारी सोसायटीची तातडीची सभा बोलावली. नियमाप्रमाणे सभेची सूचना सेक्रेटरीनं काढायची असते. तेव्हा 'रंगरूटाला प्रशिक्षण अर्ध्यावर सोडू द्यावे किंवा कसे' ही सूचना बापानंच आपल्या वळणदार अक्षरात लिहून नोटीसबोर्डावर लावली. मंत्रिमंडळालासुद्धा न सुटलेला प्रश्न कारेलीबागेतल्या अठरा घरांनी हाती घेतला, आणि याचं हसू एकट्या पद्माला येत होतं.

सभा गच्चीवर भरली. पायात मांज्याचे तुकडे अडकत होते.

"लक्ष्मीकांतभाई, आ तो सोसायटीनी इज्जतनो सवाल छे," जशुभाईंनी सुरुवात केली. मग मराठी घरांना बरं वाटावं म्हणून ते मराठीत शिरले. "मुलगा पाछा आला तर लोग काय बोलणार? पाटी तर पाक्की बसवली ने आपण!"

गोविंदराव खुर्चीतूनच बोलले. "फौजेत दार उघडं ठेवून चालत नाही. एक गेला की दुसरा जातो. उद्या गोळीबार सुरू झाल्यावर कुणी म्हणालं, मला नको आहे, तर काय करायचं? माणूस घडतो तो दार बंद असतं म्हणूनच घडतो."

हे बोलणं अगदीच टाकाऊ नव्हतं. लक्ष्मीकांतांना तर ते फार आवडलं, कारण त्यात पाटीचं नाव कुठं नव्हतं. पद्मा उठली.

"काका, गोळीबाराचं मला पटतं. शपथ घेतल्यावर पळून येणाऱ्याला मीही घरात घेणार नाही. पण हा शपथेच्या आधी विचारतोय, आणि विचारायला त्याच्या उस्तादांनीच सांगितलंय. शेजारी उभा असलेला माणूस मनानं केव्हाच घरी पोचलेला असेल, तर त्याचा भरवसा तुम्ही धराल?"

जशुभाईंनी घाईघाईनं मतदान पुकारलं. सोडू देऊ नये म्हणून अकरा हात वर झाले. त्यात एक हात लक्ष्मीकांतांचा होता. वर करताना तो त्यांना थोडा जड वाटला, पण त्यांनी केला.

"हात खाली घेऊ नका हं," पद्मा म्हणाली आणि तिनं शिकवणीची वही उघडली. "नावं लिहून घेते."

जवळजवळ प्रत्येकाचं पोर तिच्याकडे गणिताला येत होतं. हात वर राहिले.

"आता माझी उपसूचना. शपथेला बरोबर पाच आठवडे आहेत. पोरानं पाच आठवडे सोसावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी तेवढंच सोसून दाखवायचं. उद्यापासून रोज पहाटे पाचला फाटकाशी जमायचं. पाठीवर बारा किलो. पाण्याच्या टाकीला दोन फेऱ्या. मध्येच सोडायचं नाही. सोडायचंच झालं तर अर्ज करायचा आणि त्यावर पालकाची सही आणायची. फॉर्मात आहे तसंच."

"अमारा पालक? आ उमरे?" जशुभाई हसायला लागले.

"घरातलं जे तुम्हाला सांभाळतं, ते तुमचं पालक," पद्मा म्हणाली.

निरुपमाबेन पाठीमागच्या रांगेतून इतक्या मोठ्यानं हसल्या, की उपसूचना तिथंच मंजूर झाली. नाही म्हणायची हिंमत अकरांपैकी एकालाही झाली नाही. इज्जतीवर इतका वेळ बोलल्यावर आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

वजनं त्याच संध्याकाळी पस्तीवाल्याच्या तराजूवर झाली. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे तोलणारा तो पस्तीवाला आयुष्यात प्रथमच सोसायटीचे प्रतिष्ठित लोक आपल्यापुढे रांगेत उभे राहिलेले बघत होता. जशुभाईंनी फरशीचे तुकडे भरले. कुणी विटा भरल्या, कुणी जुने ग्रंथ. चांदोरकरांकडे विटा नव्हत्या, पण वर्षाची तूरडाळ दिवेल, म्हणजे एरंडेल, लावून डब्यात भरलेली होती. पद्मानं तिच्या कापडी पिशव्या बांधून उन्मेषच्या जुन्या सॅकमध्ये घातल्या. काटा बरोबर बारावर उभा राहिला. लक्ष्मीकांतांनी सॅक हातानंही तोलून बघितली आणि पस्तीवाल्याला सांगितलं, "तुझा तराजू बरोबर आहे."

पहिल्या पहाटे अकराही जण आले. जानेवारीची थंडी, माकडटोप्या, तोंडातून वाफा. गोविंदरावांना वयामुळे सहा किलोंची सूट मिळाली होती. ते कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रापर्यंत अत्यंत रुबाबात गेले. तिथं बाकावर बसले आणि परतताना त्यांची पिशवी दूधवाल्याच्या सायकलवर आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज लिहिला. सहीसाठी तो बायकोपुढे, कौसल्याकाकूंपुढे, ठेवल्यावर काकूंनी चष्मा मागवला, अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "कारण काय लिहिलंय? 'मला हे नको आहे'? बावन्न वर्षांत मी असा अर्ज केला होता का हो तुमच्याकडे?" सही करायला त्यांनी दुपारपर्यंत लावली. ती दुपार गोविंदरावांनी खिडकीशी बसून काढली.

त्यानंतर अर्जांची रीघ लागली. एकाचा गुडघा धरला, एकाच्या मेहुण्याचं लग्न निघालं. जशुभाई पाच दिवस टिकले. सहाव्या दिवशी निरुपमाबेन त्यांचा अर्ज स्वतः घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पद्माबेन, मी सही केली. पण आधी घरातलं सगळं पाणी याच्याकडून भरून घेतलं." पद्मानं प्रत्येक अर्ज नीट फाइल केला. दहाव्या दिवशी फाइलमध्ये दहा अर्ज होते आणि पहाटे पाचला फाटकाशी एकटे लक्ष्मीकांत होते.

एकट्यानं चालणं फार वाईट. बरोबर कुणी असलं की माणूस बोलतो, कण्हतो, दुसऱ्याला नावं ठेवतो. एकटा असला की विचार करतो, आणि लक्ष्मीकांतांना नेमका तोच टाळायचा होता. अकराव्या दिवशी टाकीच्या दुसऱ्या फेरीत त्यांच्या पोटरीत गोळा आला. कठड्याला धरून ते उभे राहिले. पाय दुखत होता हे खरं, पण तो कालही दुखत होता. आज त्यांना हे सगळंच नको झालं होतं. कुणीतरी ठरवलंय म्हणून अंधारात उठायचं, कुणीतरी ठरवलंय तेवढं ओझं घ्यायचं, आणि थांबायचं झालं तर कुणाच्या तरी सहीची वाट बघायची. उन्मेषच्या पत्रातलं एक वाक्य त्यांना शब्दन् शब्द आठवलं. ते रडले नाहीत, पण नाक मात्र दोनदा पुसावं लागलं.

घरी येऊन त्यांनी सॅक उतरवली आणि शिकवणीच्या वहीतलं एक पान मागितलं.

"अर्ज लिहितोय," ते म्हणाले. "सही कर."

"मी नाही तुमची पालक," पद्मा म्हणाली.

"बाकीच्यांच्या बायकांनी केल्या की!"

"त्यांनी बायकांचं काही अडवून ठेवलं नव्हतं. तुम्ही ज्याचा अर्ज अडवून ठेवलाय, त्याची सही आणा."

लक्ष्मीकांतांनी आधी अर्ज लिहून पुरा केला. मग कपाटातून उन्मेषचा फॉर्म काढला, टेबलावर सरळ केला आणि वळणदार अक्षरात सही केली. त्याच पाकिटात आपला अर्जही घातला. अर्जात लिहिलं होतं, 'चिरंजीव उन्मेष यांस, मी अकरा दिवस बारा किलो वजन घेऊन चालत आहे. मला हे जमत नाही असे नाही. मला हे नको आहे. तरी सोडण्यास परवानगी मिळावी. तुझा फॉर्म सही करून सोबत पाठवत आहे. तो पाठवायला उशीर केला, याबद्दल मला वाईट वाटते. तुझा, बाबा.' पाकीट स्पीडपोस्टानं टाकून ते कंपनीच्या बसमध्ये बसले, आणि त्या दिवशी बोल्टच्या चार पिशव्यांचं वजन त्यांनी चुकीचं सांगितलं.

"उत्तर येईपर्यंत चालावं लागेल," पद्मानं आठवण करून दिली. "मंजुरी येईपर्यंत ड्यूटी चालूच असते."

ते चालत राहिले. विसाव्या दिवशी उत्तर आलं. अर्जाच्याच कोऱ्या बाजूला उन्मेषनं लिहिलं होतं, 'अर्जदार धडधाकट दिसतो. अर्ज नामंजूर. पाच आठवडे पूर्ण करावेत. माझ्या फॉर्मचं अजून ठरवलेलं नाही. तो खिशात ठेवलाय. खिशात आल्यापासून इथं बरंच बरं वाटतंय.'

"म्हणजे थांबतोय की काय तो?" लक्ष्मीकांतांच्या आवाजात आशा होती. पाटी अजून जागेवर होती.

"म्हणजे विचार करतोय," पद्मा म्हणाली. "इतके दिवस तुम्ही त्याला तेवढीही जागा ठेवली नव्हती."

ते त्यांना झोंबलं, पण खरं होतं. दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा निघाले. आता मजा अशी होऊ लागली की चालणं सोपं जायला लागलं. पोटरी धरेना, श्वास फुलेना. तिसाव्या दिवशी त्यांनी चहा पिता पिता जाहीरच केलं, "पद्मा, खरं सांगू? बारा किलो आता मला दहासारखे वाटायला लागलेत."

"होतं असं सरावानं," पद्मा वरणाला फोडणी देता देता म्हणाली.

ते कंपनीतही सांगत सुटले. त्रेपन्नाव्या वर्षी शरीर असं तयार होतं, तर एकोणिसाव्या वर्षी काय होत असेल! मनाच्या एका कोपऱ्यात त्यांनी ठरवून टाकलं होतं की उन्मेषचंही असंच झालं असणार, तो राहणार. दुसऱ्या कोपऱ्यात त्यांना रोज पहाटे टाकीपाशी असं वाटे की तो फाटकाशी उभा दिसावा. या दोन कोपऱ्यांचं एकमेकांशी काही बोलणं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी पस्तिसावा दिवस उजाडला. शेवटची फेरी म्हणून लक्ष्मीकांत थोडे पळतच आले. उजाडलं होतं. फाटकाशी रिक्षा उभी होती, आणि काळी ट्रंक उतरवून, केस बारीक कापलेला, उन्हानं काळवंडलेला उन्मेष पाटीखाली उभा होता. पाटी मात्र त्याला दिसत नव्हती. दोनच दिवसांपूर्वी जशुभाईंनी सोसायटीचा नोटीसबोर्ड तिच्यावर तात्पुरता टांगला होता, आणि त्यावर पाण्याच्या वेळा लिहिल्या होत्या.

"सोडून आलो, बाबा," उन्मेष म्हणाला. उभा मात्र सावधान होता. "शपथेच्या आठवडाभर आधी फॉर्म दिला. फॉर्म खिशात असताना तीनदा वाटलं, राहावं. नीट विचार केला. नकोच वाटलं."

लक्ष्मीकांतांना काहीतरी मोठं बोलायचं होतं. पाच आठवडे त्यांनी दोन भाषणं तयार ठेवली होती, राहिला तर एक आणि आला तर एक. दोन्हीतलं एक वाक्य आठवेना. "बरं झालं आलास," ते म्हणाले. "फार बरं झालं."

गच्चीवर, गॅलरीत, खिडक्यांत माणसं गोळा झाली. गोविंदराव कठड्याशी आले, त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात पद्मा खाली आली. तिच्या काखेत फाइल होती. गोविंदरावांनी फाइल बघितली आणि उन्मेषला विचारलं, "प्रवास बरा झाला ना, बाळ?" जशुभाईंनी तर रिक्षावाल्याला बाजूला सारून ट्रंक स्वतः उचलली.

"द्या ते इकडे, बाबा," उन्मेष म्हणाला आणि त्यानं वडिलांच्या खांद्यावरची सॅक उतरवून घेतली.

"जपून! बारा किलो आहेत," लक्ष्मीकांत अभिमानानं म्हणाले. "पस्तीस दिवस. एक खाडा नाही."

उन्मेषनं सॅक एका हातात धरली. खाली-वर करून पाहिली, अगदी त्यांच्यासारखीच. मग दुसऱ्या हातात घेतली.

"बाबा, चार महिने मी बारा किलोच उचलतोय. हे दहा आहेत."

"काहीतरीच काय! पस्तीवाल्याच्या तराजूवर..." लक्ष्मीकांतांनी सॅक हिसकावून घेतली, हातात तोलली, आणि तीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर स्टोअरमध्ये चोरी झाल्याचा भाव आला. त्यांनी पद्माकडे बघितलं.

पद्मा फाइलवरची धूळ पदरानं पुसत होती.

"तुम्ही अर्ज केलात त्या दिवसापासून," ती म्हणाली, "आपण दोघं वरण कुठल्या डाळीचं खातोय असं वाटलं तुम्हाला?"